गुडघ्याची गादी फाटली : रिपोर्ट हातात आल्यावर काय करायचं

गेल्या वर्षी फेब्रुवारीत परळच्या माझ्या फिजिओथेरपी दवाखान्यात एकोणीस वर्षांचा एक कबड्डीपटू लंगडत आला. चढाईत मागे वळताना बूट मॅटला चिकटला, वरून दोघांनी पकड केली आणि गुडघ्यात आतून 'कट्' झालं. त्याला तीन आठवडे उलटले होते. गुडघा सरळच होत नाही म्हणून या तीन आठवड्यांत त्याने रोज मालिशवाल्याकडून तेल लावून पाय ओढून घेतला होता. मी त्याला टेबलावर पालथं झोपवलं. मांड्या टेबलावर, नडग्या बाहेर. उजवी टाच आपोआप खाली गेली, डावी चार बोटं वरच राहिली. हाताने हलकेच दाबली, तर दाराच्या फटीत खडा अडकावा तशी आतून अडत होती.

त्याच आठवड्यात लालबागच्या एका चाळीतल्या काकू आल्या. वय अठ्ठावन्न. एमआरआयची पिशवी छातीशी धरलेली. "ताई, गादी फाटलीय म्हणे. आता ऑपरेशनशिवाय गत नाही ना?" गुडघा पूर्ण सरळ होत होता, जवळजवळ पूर्ण वाकत होता. जिना उतरताना आणि मोरीतून उठताना आतल्या बाजूला दुखायचं, एवढंच.

दोघांच्याही रिपोर्टवर 'मीडियल मेनिस्कस टेअर', म्हणजे आतल्या बाजूची गादी फाटली, असेच शब्द होते. मुलाला त्याच आठवड्यात सर्जनकडे पाठवलं. काकूंना व्यायाम दिला. हा फरक कसा ओळखायचा आणि पुढची प्रत्येक पायरी कशी चढायची, ते इथे जमेल तितकं नीट सांगते.

चुंबळ आठवा

मांडीच्या हाडाचं खालचं टोक गोल असतं, नडगीच्या हाडाचा माथा जवळजवळ सपाट. गोल बुडाची हंडी फरशीवर ठेवली तर ती डुगडुगते. म्हणून आपण खाली चुंबळ ठेवतो. मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातली चुंबळच. प्रत्येक गुडघ्यात अशा दोन असतात, आतल्या बाजूची इंग्रजी सी अक्षरासारखी आणि बाहेरच्या बाजूची जवळजवळ गोल. बाहेरच्या काठाला जाड, मध्याकडे पातळ होत जाणाऱ्या. लोक 'गादी' म्हणतात, त्यामुळे काहीतरी मऊ, दबणारं डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात ती चिवट, रबरासारखी कूर्चा असते.

तिचे बहुतेक धागे गोलाकार विणलेले असतात आणि दोन्ही टोकं हाडात घट्ट रोवलेली असतात. वरून वजन आलं की चुंबळ बाहेर पसरू पाहते, धागे तिला आवळून धरतात आणि भार सगळीकडे वाटला जातो. पाय सरळ असताना गुडघ्यावरचा साधारण निम्मा भार या दोन गाद्या उचलतात, काटकोनात वाकवल्यावर सुमारे ८५ टक्के. उकिडवं बसताना गादीची मागची बाजू का बोंब मारते, ते यावरून कळेल.

आता फाटण्याकडे या. धाग्यांच्या दिशेने उभी चीर पडली तर चुंबळ बरीचशी आवळलेली राहते. धागे आडवे तुटले किंवा टोकच हाडापासून उखडलं, तर चुंबळ सुटून पसरते. मग ती जागेवर असून नसल्यासारखी. या दुसऱ्या प्रकाराकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं, त्याबद्दल पुढे लिहिते.

दुसरी महत्त्वाची गोष्ट रक्ताची. मोठ्या माणसाच्या गादीत बाहेरच्या काठाच्या साधारण १० ते ३० टक्के भागालाच रक्तवाहिन्या पोचतात. सर्जन त्याला रेड झोन म्हणतात. आतला पातळ भाग व्हाइट झोन, तो सांध्यातल्या वंगणावर जगतो. काठाची जखम भरून येऊ शकते, आतली सहसा येत नाही. टाके घालायचे की छाटायचं, हे ठरवताना सर्जन ही जागा आवर्जून पाहतो.

आतली गादी बाजूच्या अस्थिबंधाला (लिगामेंटला) चिकटलेली असते म्हणून ती कमी हलते आणि जास्त वेळा फाटते. बाहेरची मोकळी असते. काहींची बाहेरची गादी जन्मतःच चकतीसारखी भरीव असते. आशियाई लोकांत हे प्रमाण जास्त आहे. लहान मूल चालताना गुडघ्यात 'टक्' वाजतं आणि दुखतं अशी तक्रार करत असेल, तर हे तपासून घ्या.

एके काळी डॉक्टर या गादीला निरुपयोगी समजत. १८९७ साली ब्लंड-सटन या इंग्रज सर्जनने तिला पायाच्या स्नायूचा बिनकामाचा अवशेष म्हटलं होतं. दुखली की अख्खी काढून टाकायची, ही रीत कित्येक दशकं चालली. १९४८ साली फेअरबँक यांनी अशा गुडघ्यांचे एक्स-रे मांडून दाखवलं, की गादी काढलेल्या सांध्याची झीज होते. आजही साठी-सत्तरीतले जुने खेळाडू भेटतात. तरुणपणी गादी काढलेली असते आणि आता पाय धनुकलीसारखा वाकलेला.

पहिले तीन दिवस

इजा झाल्यावर सूज कधी आली, ते लिहून ठेवा. डॉक्टरला याचा फार उपयोग होतो. दोन तासांत गुडघा टम्म फुगला तर सांध्यात रक्त साठलेलं असू शकतं, आणि मग एसीएल हा मधला अस्थिबंध तुटल्याचा संशय आधी घ्यावा लागतो. रात्री झोपताना बरं होतं आणि सकाळी उठल्यावर सुजलं होतं, अशी कहाणी गादीची जास्त असते.

बर्फ पातळ पंचात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. क्रेप बँडेज बांधा, पण बोटं बधिर होतील इतकं आवळू नका. झोपताना उशी टाचेखाली ठेवा. गुडघ्याखाली नको. गुडघ्याखालच्या उशीने बरं वाटतं खरं, पण पाय वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि मग तो सरळ करायला मला दोन आठवडे घालवावे लागतात. मालिश, शेक, ओढाओढ अजिबात नको. वेदनाशामक गोळी दुकानातून स्वतःहून घेऊ नका, विशेषतः मूत्रपिंडाचा आजार, अल्सर किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. दादरचा पूल उतरायचा असेल तर कठड्याच्या बाजूने उतरा आणि गर्दीचा लोंढा जाऊ द्या. मागून लागलेल्या धक्क्याने पाय रोवलेला राहून अंग वळलं, तर त्याच क्षणी लहान चीर मोठी होते.

थांबू नये अशा गोष्टी: गुडघा अडकून सरळ होत नाही, चार पावलंही टाकवत नाहीत, गुडघा गरम लाल होऊन ताप आला, पाऊल गार किंवा बधिर पडलं. यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी दाखवा.

घरी करायची तपासणी

खुर्चीवर बसा, गुडघा काटकोनात. वाटीचं खालचं टोक चाचपा. तिथून खाली जाणाऱ्या जाड दोरीच्या दोन्ही बाजूंना अंगठ्याला एकेक मऊ खळगा लागेल. आतल्या खळग्यातून अंगठा हाडांच्या फटीवरून हळूहळू मागे सरकवा. ही सांध्याची रेघ. गादी तिथेच असते. मागच्या अर्ध्या भागात एका बोटाएवढ्या जागी 'आई गं' झालं, तर संशय गादीवर घ्या. वाटीच्या मागे किंवा चहूकडे दुखत असेल तर कारण बहुधा दुसरं आहे.

मग पालथं झोपून, नडग्या पलंगाबाहेर ठेवून, घरातल्या कोणाला तरी दोन्ही टाचांची उंची बघायला सांगा. सूज आणि भीती यांमुळेही थोडा फरक पडतो. पण सूज उतरल्यावरही एक टाच वर अडकूनच राहत असेल, तर गादीचा फाटलेला पट्टा सांध्याच्या मध्ये येऊन बसलेला असू शकतो. बादलीची कडी जशी एका बाजूने दुसऱ्या बाजूला पडते तसा तो पलटतो, म्हणून त्याचं नाव बकेट हँडल टेअर. त्या मुलाला हेच झालं होतं. असा गुडघा ओढून सुटत नाही. ओढताना गादी चिरडते आणि शिवता आली असती ती शिवण्याजोगी राहत नाही.

'गुडघा कटकट वाजतो' ही तक्रार मात्र वेगळी. नुसता आवाज, दुखणं नाही, अडकणं नाही, तर काळजी करू नका.

डॉक्टर आणि रिपोर्ट

ऑर्थोपेडिक सर्जनकडे जा, शक्य असेल तर दुर्बिणीने गुडघ्याची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्याकडे. खासगी परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर, जेजे या सगळ्या ठिकाणी ऑर्थोपेडिकची ओपीडी आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, जुने रिपोर्ट सोबत न्यायचे आणि हाफपँट किंवा सैल सलवार घालायची. घट्ट जीन्समध्ये गुडघा तपासता येत नाही. ऑपरेशनची वेळ आलीच तर सरकारी आरोग्य योजनेत ते बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

चाळिशी उलटली असेल तर पहिला एक्स-रे उभं राहून काढलेला हवा. झोपून काढलेल्या एक्स-रेत सांध्याची फट खोटी चांगली दिसते. एक्स-रेत झीज उघड दिसत असताना एमआरआयवर पैसे घालवून बहुधा नवं काही हाती लागत नाही.

आता एमआरआयचा रिपोर्ट. 'ग्रेड वन सिग्नल', 'ग्रेड टू सिग्नल' असं लिहिलं असेल तर ते फाटणं नव्हे. गादीच्या पोटात झालेला तो बदल आहे, पृष्ठभागापर्यंत पोचलेला नाही. ग्रेड थ्री म्हणजे चीर पृष्ठभागापर्यंत आली. ग्रेड टूच्या कागदामुळे नोकरीची चिंता करत बसलेली, जिना चढायचं सोडलेली तरुण मुलं मी पाहिली आहेत. 'डीजनरेटिव्ह' किंवा 'हॉरिझॉन्टल' हे शब्द वयानुसार झिजलेल्या गादीचे. 'बकेट हँडल', 'डिस्प्लेस्ड फ्लॅप', 'रूट टेअर' आणि 'एक्स्ट्रूजन' (गादी जागेवरून बाहेर सरकणं) हे शब्द दिसले तर मात्र त्यांच्याखाली रेघ मारा आणि डॉक्टरला थेट विचारा.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांच्या गुडघ्यांचा एमआरआय काढला होता, तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ३५ टक्के लोकांची गादी फाटलेली निघाली आणि त्यांतल्या ६१ टक्क्यांना मागच्या महिन्याभरात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. पिकलेल्या केसांसारखी ही गोष्ट. काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी पिशवी पहिल्यांदा मांडीवरून खाली ठेवली.

छाटायचं, शिवायचं की व्यायाम

झिजून फाटलेली गादी, गुडघा अडकत नाही, वय पस्तीस-चाळीसच्या पुढे: इथे आधी व्यायाम, निदान तीन महिने. हे माझं मत आहेच, पण त्याला भक्कम आधारही आहे. २०१३ साली फिनलंडच्या डॉक्टरांनी ३५ ते ६५ वयाच्या १४६ रुग्णांवर एक धाडसी प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांची गादी दुर्बिणीतून छाटली, निम्म्यांना भूल देऊन फक्त ऑपरेशनचं सोंग केलं. वर्षभराने दोन्ही गटांचं दुखणं सारखंच कमी झालेलं. त्याच वर्षी अमेरिकेतला ३५१ जणांचा अभ्यास आला. व्यायामाने सुरुवात केलेल्यांतल्या साधारण ३० टक्क्यांना सहा महिन्यांत ऑपरेशनकडे वळावं लागलं, बाकीच्यांचं व्यायामावर निभावलं. म्हणजे व्यायाम सगळ्यांना पुरतो असं नाही. पण आधी व्यायाम केल्याने बहुतेकांचं काही बिघडत नाही, आणि उरलेल्यांना नंतर ऑपरेशनचा रस्ता खुला राहतो.

शिवणं हे तरुण गादीसाठी, काठाजवळच्या उभ्या चिरेसाठी, बकेट हँडलसाठी. एसीएलची दुरुस्ती सोबत होत असेल तर टाके जास्त चांगले धरतात. सगळे टाके धरत नाहीत हेही सांगायला हवं. काही वर्षांत दर पाचांपैकी साधारण एकाची शिवण उसवते. तरीही वीस-पंचवीस वर्षांच्या मुलाची गादी शिवता येत असेल तर शिवूनच घ्या. छाटल्यावर सहा आठवड्यांत मैदानात आणि शिवल्यावर सहा महिने घरी, हा हिशेब ऐकून पोरं छाटायला सांगतात. पण अख्खी गादी काढल्यावर हाडांवरचा सर्वाधिक दाब दुप्पट-तिप्पट होतो. त्या पोराला चाळिशीतही गुडघा लागणार आहे.

छाटणीची जागा मर्यादित आहे. सुटलेला तुकडा मध्ये येऊन वारंवार अडकतोय, रक्त न पोचणाऱ्या भागात फाटलंय आणि शिवण्यासारखं काही उरलेलं नाही, तेव्हा ती योग्य. तीही फक्त फाटलेल्या तुकड्यापुरती.

आणि रूट टेअर, म्हणजे चुंबळीचं टोकच हाडातून उखडणं. पन्नाशीच्या आसपासच्या बायकांत हे बरंच दिसतं. गोष्ट बहुतेक वेळा एकच असते. उकिडवं बसून उठताना किंवा जिन्यावर मागच्या बाजूला 'फट्' आवाज आला आणि त्या क्षणापासून चालणं अवघड झालं. कुठे पडलेली नसते, लागलेलं नसतं, म्हणून घरचे 'वयाचं आहे' म्हणून सोडून देतात. दाबाच्या दृष्टीने हे अख्खी गादी गेल्यासारखंच आहे. सांधा अजून चांगला असेल तर टोक परत हाडाला टाचून गुडघा वाचवता येतो. झीज झाल्यावर ती संधी राहत नाही. तुमच्या आईने, सासूने असा आवाज सांगितला तर सहा महिने तेल चोळत थांबू नका.

इंजेक्शनांबद्दल थोडंसं. स्टेरॉइडने काही आठवडे आराम पडतो. त्याने फाटलेलं जुळत नाही. 'गादी भरून काढणारी' म्हणून विकली जाणारी पावडर कोणतीही असो, त्या पैशांची एक बरी उंच खुर्ची घ्या.

काकूंचे तीन महिने

पहिले दोन आठवडे: पाय पसरून बसायचं, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल, मांडीचा स्नायू आवळून टॉवेल दाबायचा, पाच आकडे धरायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. वाटीच्या वरचा आतला स्नायू बोटाखाली कडक झाला पाहिजे. झाला नाही तर तुम्ही पार्श्वभाग दाबताय. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलणं.

तिसऱ्या आठवड्यापासून खुर्चीतून उठणं-बसणं. काकूंची खुर्ची बुटकी होती, तिच्यावर दोन चादरी घडी करून ठेवायला सांगितलं. दर आठवड्याला थोडी घडी कमी. हात न टेकता, खाली बसताना चार आकडे मोजत. सोबत ओट्याला धरून टाचा उचलणं, उताणं झोपून कंबर उचलणं. सहाव्या आठवड्यापासून जिन्याची पायरी: एक पाय पायरीवर, दुसरा हळू खाली टेकवायचा आणि परत वर. गुडघा आतल्या बाजूला कलता कामा नये. दात घासताना एका पायावर उभं राहणं.

दुखलं तर किती चालेल? दहापैकी तीन-चार इतकं दुखणं चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते मावळलेलं हवं आणि सूज वाढलेली नको. वाढली तर एक पायरी मागे. थांबायचं नाही.

वजन जास्त असेल तर तेही. एक किलो कमी झालं की दर पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलो भार उतरतो. जमिनीवर मांडी घालणं, वज्रासन, उकिडवं बसून भाजी निवडणं हे तीन महिने बंद. कमोड नसेल तर प्लास्टिकची कमोड खुर्ची मिळते. काकू आता तिसऱ्या मजल्यावर न थांबता चढतात. पूजेला पाटाऐवजी स्टूल घेतात, आणि ते त्यांनी कायमचं स्वीकारलं आहे.

ऑपरेशन झालं तर

आत दुर्बीण गेल्याशिवाय शिवता येईल की नाही हे कित्येकदा नक्की कळत नाही. म्हणून सही करण्याआधीच सर्जनला सांगा, की शिवता आलं तर शिवा, नाहीच तर कमीत कमी कापा. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न हाच: शिवलं की छाटलं? डिस्चार्ज कार्डावर ते लिहून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. नुसतं 'आर्थ्रोस्कोपी केली', म्हणजे दुर्बीण घातली, एवढाच मजकूर घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि मला त्यांचा गुडघा किती वाकवायचा तेच कळत नाही.

छाटलं असेल तर पायावर वजन टाकणं बहुधा त्याच दिवशी, बैठं काम एक-दोन आठवड्यांत, धावणं दीड-दोन महिन्यांनी. शिवलं असेल तर गुडघ्याला आधाराचा पट्टा, कुबड्या आणि चार ते सहा आठवडे ९० अंशांपलीकडे वाकवणं बंद. किती वजन टाकायचं ते चिरेच्या प्रकारावर, सर्जन सांगेल तसं. लोकलने प्रवास या काळात नको. दारात लोंबकळणं सोडाच, गर्दीत पट्ट्यावर बसलेला एक धक्काही टाके ताणतो. खोल बैठका निदान चार महिने नाहीत. पोटरी दुखून सुजली, धाप लागली, ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं तर लगेच रुग्णालय गाठा.

त्या मुलाची गादी शिवता आली, कडेला थोडी चिरडलेली असूनही. पाचव्या महिन्यात त्याला सरळ धावू दिलं. सातव्या महिन्यात एका पायाच्या उड्या मोजल्या, तेव्हा डाव्या पायाची उडी उजव्याच्या ८२ टक्के भरली. ९० हवी होती. तो रुसला, पण महिनाभर पायऱ्या आणि उड्या करून परत आला. तेव्हा टेपवर ९३ आलं. मग रिकाम्या मॅटवर वळणं, मग चढाईचा सराव, आणि पकडीत उतरायला आणखी सहा आठवडे. आजही सरावाआधी तो पालथा झोपतो आणि कोणाला तरी टाचा बघायला लावतो.